भागीचं नाव शाईनं

प्रिय बाबा,

मध्ये कुणी वाचून दाखवणार नाही, असं हे मी तुला लिहिलेलं पहिलं पत्र.

शिकायला रत्नागिरीला आले तेव्हापासून तुला पत्रं लिहीत होते, पण ती सगळी धाकट्या कमलच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचायची. ती वाचणार, आई चुलीपाशी बसून ऐकणार, भावकीतला पांडूतात्या ओटीवर तंबाखू मळत ऐकणार, हे मला ठाऊक असायचं. मग मी तरी काय लिहिणार? 'मी खुशाल आहे. तांदूळ मिळाले. जेवण बरं आहे.' हॉस्टेलमधल्या मुलींचं बघून एकदा मी 'तुम्ही कसे आहात' असं लिहिलं. कमलनं वाचलं, तर तू म्हणालास म्हणे, "पोस्टमन चुकला काय? माझी पोर मला अहो कशाला म्हणंल?" त्यानंतर पुन्हा कधी 'तुम्ही' लिहिलं नाही.

काल घरी पितृपक्षाचा म्हाळ होता. तू गेल्यावर वर्ष उलटलं, म्हणून यंदा पितरांच्या पानांत तुझं पान पहिल्यांदा ठेवलं. आज सकाळच्या एस.टी.नं परत आले, आंघोळ केली आणि हा कागद घेतला. तुला एक बातमी सांगायची आहे. ती तुझ्या हयातीत मिळाली असती तर मी धावत गावी आले असते. पण बातमी नंतर लागली आणि तू आधी गेलास.

पण आधी शाळेपासून सुरुवात करते. सगळं तिथूनच सुरू झालं ना!

आपल्या घरात शाळेची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. तू नाहीस, आई नाही, आजोबा तर नाहीतच. वाडीतले मुलगे जायचे, मुली गुरांमागे जायच्या. तू मला खांद्यावर घेऊन निघालास तेव्हा पांडूतात्या दगडी गडग्यापलीकडून ओरडला होता, "काय रं गणपत, पोर शिकून काय तहसीलदार होनार हाय?" आणि तू मागे न बघता म्हणालास, "होऊंदे की. मग तुझा दाखला तीच देईल."

गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? तू म्हणालास, "लावणीच्या दिवसांत झाली. पाऊस लय होता." गुरुजींनी मान हलवली आणि एक जून लिहिलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जूनलाच असायचा. लहानपणी मला वाटायचं, मुलं त्याच दिवशी जन्मतात.

मग तू अंगठा उमटवलास. मला आठवतं, शाई लागलेला अंगठा तू धोतराला पुसला नाहीस. घरी येईपर्यंत तो हात तसाच वर धरून चालत होतास. का रे? धोतर खराब होईल म्हणून? की वाटेत लोकांनी बघावं म्हणून?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्या इतिहासाच्या बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या घराण्याचा आणि गावाचा इतिहास मूळ साधनांवरून लिहून आणायचा. मूळ साधन म्हणजे काय, तर ज्यानं पाहिलं, ज्याच्यासमोर घडलं, त्याची नोंद. बाईंची शिस्त कडक होती. ज्याला आधार आहे ते शाईनं लिहायचं, नुसतं ऐकलेलं पेन्सिलीनं. मला ती शिस्त फार आवडली. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. कडी लावली तरी मी पुन्हा उठून बघते, लागली का. शाई आणि पेन्सिल म्हणजे माझ्या जिवाला आधारच झाला.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा तू खालच्या शेताचा गडगा रचत होतास. मी दगडावर बसले आणि म्हटलं, "बाबा, आपली नावं सांग. मागं मागं जात."

"कसली नावं?"

"तुझा बापूस, त्याचा बापूस, तशी."

तू एक चिरा उचललास, फिरवून बघितलास, खाली ठेवलास. "माझा बापूस शिवा. त्याचा बापूस लक्षा. त्याचा दशरथ. त्याचा सोमा. सोमाच्या म्होरं कुणाला म्हायत नाय." मग दगडांच्या फटीत एक छोटी चीप ठोकत म्हणालास, "ह्ये सगळं लिवतेस? मग शिवाला विडी लागायची, त्ये पण लिव."

संध्याकाळी तू माझ्या वहीत डोकावलास. अक्षरं वाचता येत नव्हती, पण रंग तर दिसत होता. शाळेतून उतरवून आणलेली गावाची माहिती निळी, आणि तुझी नावं करडी.

"ह्ये काळं आन ह्ये निळं, काय ह्ये?"

मी समजावून सांगितलं. तू करड्या ओळीवर बोट ठेवलंस. मग हसून म्हणालास, "म्हंजे माझं सगळं पेन्शिलीतच काय गो?"

मी म्हटलं, "तसं नाही बाबा, नियम आहे." तू म्हणालास, "नियम हाय तर हाय." आणि गुरं बांधायला गेलास. तुला लागलं असेल का? त्या वेळी मला ते सुचलंच नाही. आता रोज सुचतं.

त्याच सुट्टीत मी तुला जादा पानाबद्दल विचारलं होतं. आपल्या घरी म्हाळाला एक पान जास्तीचं असतं. बाकीच्या भावकीत नाही, फक्त आपल्या मूळ घरात. सगळी पानं ओळीनं, आणि हे एक माजघराच्या दाराशी, वेगळं. "कुणाचं?" म्हणून विचारलं तर तू म्हणालास, "बापूस ठेवायचा. म्हणून मी ठेवतो." "पण आजोबा का ठेवायचे?" "त्यांचा बापूस ठेवायचा." पुढे काही नाही. मी वहीत पेन्सिलीनं लिहिलं: 'जादा पान. कारण माहीत नाही.'

मग आला तो शिमगा.

देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली होती आणि मुंबईहून आलेली भावकीची माणसं तिथेच जमली होती. पांडूतात्याचा रघू, जो मुंबईला कंपनीत आहे, त्यानं पुढाकार घेतला. भावकीची वंशावळ पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायची, काच लावून फ्रेम करायची आणि सहाणेवर कायमची लावायची. आणि मजकूर? "गणपतकाकांची शालू लिहील. ती इतिहासच शिकते ना!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाबा, त्या क्षणी तू ज्या तऱ्हेनं मान ताठ केलीस ना, त्यासाठी मी दहा वंशावळी लिहिल्या असत्या.

मग पांडूतात्यानं रीत सांगितली. पुरुषांची नावं घ्यायची. ज्याला मुलगा नाही त्याच्या खाली 'निर्वंश' लिहायचं. "म्हंजे बघणाऱ्याला कळतं, ही फांदी हितंच संपली."

जमलेल्यांत मुलगा नसलेला तूच एकटा होतास. आम्ही दोघी, मी आणि कमल, तिथेच उभ्या होतो. मी तुझ्याकडे बघितलं. तू पालखीकडे बघत होतास. मग म्हणालास, "लिव गो. रीत हाय ती लिव. मला काय त्याचं?"

बाबा, हे एकच मला तुझं पटलं नाही. आजही पटत नाही. तू का नाही म्हणालास, मला दोन मुली आहेत म्हणून? ज्या माणसानं अख्ख्या वाडीच्या नाकावर टिच्चून मला शाळेत घातलं, तो माणूस सहाणेवर गप्प का बसला? मी रागावले होते. घरी येताना वाटेत तुझ्याशी बोललेही नाही. तू मात्र चालता चालता माझी पिशवी काढून घेतलीस आणि आपल्या खांद्याला लावलीस.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तू लावणी उरकून आलास, अंग कसकसतंय म्हणालास आणि अंथरूण धरलंस. मला निरोप मिळाला, मी पोचले, तेव्हा तू मला ओळखलंस तेवढंच.

वंशावळीचा मोठा कागद हॉस्टेलच्या खोलीत, खाटेखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. रघूची पत्रं येत होती, झाली का, झाली का. सगळी नावं लिहून झाली होती. फक्त तुझ्या नावाखालची जागा कोरी होती. मी कागद काढायचे, पेन उघडायचे आणि परत टोपण लावायचे. तो शब्द माझ्यानं लिहवेना. आणि न लिहावा, तर रीत मोडायला माझ्यापाशी आधार कुठे होता? मला रडू आलं, हा काही आधार नाही ना.

मग मी ठरवलं, निदान वरची नावं तरी पक्की करू. तू दिलेलं एकेक नाव पेन्सिलीतून शाईत आणू. तुझी तेवढी तक्रार तरी दूर होईल.

बाई शनिवारी आम्हाला मोडी शिकवत, ते उपयोगी पडलं. परवानगीचं पत्र घेऊन मी देवरूखच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनांनी पत्र वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "कुठल्या जमिनीचा वाद?"

"वाद नाही."

"मग वंशावळ कशाला?"

"लिहायची आहे."

"अगं, वाद नसताना वंशावळ शोधणारी तू पहिलीच. बस तिथं. पण बोट ओलं करून पानं उलटायची नाहीत, सांगून ठेवतो."

सुट्टी मिळेल तेव्हा मी जात राहिले. पानं बोटांना चिकटायची, कडा कुरतडलेल्या. शिवा सापडला, लक्षा सापडला, त्यांना शाई लागली. दशरथही सापडला. पण जिथं सापडला तिथं मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

फेरफाराची जुनी नोंद होती. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. सोमा मयत. मुलगा नाही. वारस मुलगी भागी. जमीन जावई दशरथ घरी राहून कसतो.

मला वाटलं, हा दुसराच कुणी दशरथ. दशरथ काय, गावात ढिगानं असतील! पण जमिनीचं नाव आपल्याच खालच्या शेताचं होतं, जिथं तू गडगा रचत होतास. तरी माझा विश्वास बसेना. पुन्हा वाचलं. मग कोतवाल बुकं काढायला लावली, म्हणजे गावच्या कोतवालानं जन्म-मृत्यू नोंदलेल्या वह्या. कारकून कुरकुरले, "एकदा वाचून भागलं नाही का?" मी म्हटलं, "एका कागदावर कसं लिहू?" लक्षाच्या जन्माची नोंद मिळाली. बाप दशरथ, राहणार सासरी, सासरा सोमा.

कळलं का तुला, बाबा? दशरथ सोमाचा मुलगा नव्हता, जावई होता. आपलं घर, तुझं, पांडूतात्याचं, रघूचं, सगळ्या भावकीचं, भागीपासून आलं आहे. एका मुलीपासून!

आणि चूक कशी झाली असेल? कुणी खोटं बोललं नव्हतं. आपल्याकडे नावं मोजताना बाईचं नाव घेतच नाहीत. मधली भागी गाळली की सोमा आणि दशरथ एकमेकांना येऊन चिकटतात. पुढच्या पिढीला ते बाप-लेकच वाटणार. तू गडगा रचताना मधे ठोकत होतास ती चीप आठवते? लांबून नुसते मोठे दगडच दिसतात.

मी कचेरीच्या बाहेर आले, एस.टी.ची वाट बघत उभी राहिले, आणि मला इतकं वाटलं की हे पळत जाऊन तुला सांगावं! तू काय म्हणाला असतास? मला वाटतं, तू आधी हसला असतास. आणि मग म्हणाला असतास, "पांडूला सांगू नको, त्याला भोवळ येईल."

पण सांगावं लागलं. काल सांगितलं.

म्हाळाचा स्वयंपाक आईनं एकटीनं केला. वडे, खीर, अळूची भाजी. तुझ्यामागे मुलगा नाही, तेव्हा भावकीतला वडीलधारा म्हणून पांडूतात्या पानं ठेवायला आला. तो मनापासून आला होता, हे मला सांगायलाच हवं. तुझं पान त्यानं दोन्ही हातांनी मांडलं. शिवाआजोबांच्या पानाशेजारी विडीसुद्धा ठेवली त्यानं.

मग आई आणखी एक पान घेऊन माजघराच्या दाराशी गेली.

"ह्ये कुणाचं गो वयनी?"

"ह्ये ठेवायचे दरसाली. मी ठेवनार."

"कुणाचं त्ये म्हायत नाय, आन ठेवतेस?"

"म्हायत असंल त्याचंच ठेवायचं, असं कुठं हाय?" आई म्हणाली, आणि पान मांडून आत गेली.

कावळा शिवला. जेवणं झाली. पांडूतात्यानं ओटीवर तंबाखू काढली आणि विचारलं, "काय गो शालू, आमची वंशावळ झाली काय? रघ्या गणपतीला येऊन विचारून विचारून दमला."

मी कागद उलगडला. पांडूतात्या दुसरी शिकलेला, त्यानं कमलला हाक मारली, "तू वाच. तुला पत्र वाचायची सवय हाय." आणि तुला आलेली सगळी पत्रं जिनं वाचली, त्या कमलनं वाचायला घेतलं.

"सोमा. सोमाची मुलगी भागी. भागीचा नवरा दशरथ, घरजावई..."

"काय? परत वाच."

तिनं परत वाचलं.

"दशरथ सोमाचा झील, जावई नाय. ह्ये काय लिवलंस तू?"

मी नकला पुढे केल्या. मोडीखाली मी बाळबोध अक्षरात लिहून नेलं होतं. तात्यानं कागद हातात घेतला नाही. "कारकुनानं काय पण लिवलान असंल."

"म्हणून मी दोन ठिकाणी बघितलं, तात्या."

"म्हंजे आमी काय घरजावयाची वलाद?" त्याचा आवाज चढला. "आन ह्ये सहाणेवर लावनार? पालखीसमोर?"

आतून आई बाहेर आली, ओले हात पदराला पुसत. "भावजी, जावयाचं काय घेऊन बसलात? घर भागीचं व्हतं. तिच्या बापाचं घर तिनं राखलान. त्यात काय वायट केलान?"

तेव्हा मला धीर आला. मी म्हटलं, "तात्या, रीत तुम्हीच सांगितलीत. मुलगा नाही त्याच्या खाली निर्वंश. सोमाला मुलगा नव्हता. मग रीतीप्रमाणे मी सोमाच्या खाली निर्वंश लिहिते. पण मग त्याच्या खाली काहीच येणार नाही. लक्षा नाही, शिवा नाही, तुम्ही नाही, रघूसुद्धा नाही. लिहू?"

बाबा, हे बोलले आणि घाबरले. वडीलधाऱ्या माणसाला मी असं कधी बोलले नव्हते. तात्या माझ्याकडे बघत राहिला. हातातली तंबाखू तशीच. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"गणपत गेला," तो म्हणाला, "पन झाली त्याची पोर तहसीलदार."

कमल फिसकन हसली. आई हसली. आणि मग मला रडू आलं ते थांबेना.

तात्यानं कागद स्वतःकडे ओढला आणि तुझ्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं काय लिवनार?"

"शालिनी आणि कमल. मुली."

"बरं. पन सध्या पेन्शिलीनं लिव. रघ्याला विचारतो, गावाला विचारतो."

"नाही तात्या. ज्याला आधार नाही ते पेन्सिलीनं. माझा आधार शाळेत आहे. बाबानं अंगठा दिलाय."

हे मी उगाच बोलले नाही. गावातली नावं पडताळायला मी आपल्या शाळेत गेले होते तेव्हा गुरुजींनी जुने प्रवेशाचे अर्ज काढून दिले. त्यांत माझा अर्ज होता. खाली तुझा अंगठा. कोयता लागून आडवा पडलेला वण त्यात स्पष्ट उमटलाय, मधून कोरी रेघ गेल्यासारखा. शेजारी गुरुजींच्या अक्षरात, 'वडील'. कितीतरी जुन्या कागदांवरून बोट फिरवलं, बाबा, पण या कागदावर बोट ठेवायला मी धजले नाही. असा आधार कुठल्या राजाच्या कागदातही मिळायचा नाही.

तात्यानं हातातली तंबाखू परत चंचीत टाकली. मग अगदी हळू म्हणाला, "आमच्या पोरींचं पन मग लिवनार काय?"

"सांगा ना."

"थोरली शेवंता. धाकटी मंदा." तो थांबला. अंगणाकडे बघत म्हणाला, "मधली इंदू. ती ऱ्हायली नाय. चालायला लागली व्हती नुकती. ती लिवतात काय?"

आम्हा दोघी बहिणींना माहीतच नव्हतं रे. तात्याला तिसरी मुलगी होती, हे आईलासुद्धा आठवावं लागलं. रघू तिच्यानंतरचा, त्यालाही ठाऊक नसेल.

"लिहितात," मी म्हटलं.

"पन तिचा कागद कुठं सापडायचा नाय. सांगायला कोन गेला तवा? शेत पडलं व्हतं लावायचं." आणि मग माझाच नियम मला सांगत म्हणाला, "तिचं पेन्शिलीनं लिव."

मी पेन्सिल उचलली. खरंच उचलली होती. आणि मला तू आठवलास, वहीवर वाकलेला, करड्या अक्षरांकडे बघणारा. ज्यानं पाहिलं, ज्याच्यासमोर घडलं, त्याची नोंद. बाईंनी अजून काय वेगळं सांगितलं होतं? बाप समोर बसून आपल्या लेकीचं नाव सांगतोय, आणि मी कसला आधार शोधत होते?

मी पेन घेतलं. इंदूचं नाव शाईनं लिहिलं, शेवंता आणि मंदाच्या मध्ये. तात्याला रंग कळला. उठताना तो माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला.

मुलींची नावं घालायची म्हटल्यावर कागद पुरला नाही. नवा मोठा आणावा लागणार. भावकीतल्या प्रत्येक घरी जाऊन विचारावं लागणार. रघू काय म्हणेल, गाव काय म्हणेल, ठाऊक नाही. फ्रेम सहाणेवर लागेल की पांडूतात्याच्या ओटीवरच राहील, तेही सांगता येत नाही. तात्या म्हणतो, "मी बघतो." तू असतास तर म्हणाला असतास, पांडू बघतो म्हणाला म्हणजे पुढच्या शिमग्यापर्यंत बघतच राहील. पण मला वाटतं, या वेळी तो खरंच बघेल.

आणि जादा पान? ते सोमाचं असेल, असं मला फार वाटतं. ज्याच्या घरात दशरथ राहिला, ज्याची लेक घर राखून राहिली, त्या बापाला भागीनं वेगळं पान ठेवलं असेल, माहेरचं म्हणून, आपल्या हातानं. आणि पुढे कारण विसरलं, पान तेवढं चालत आलं. किती छान बसतं ना? पण हे कुठल्याच कागदात नाही आणि पाहिलेलं कुणी उरलं नाही. म्हणून ते मी पेन्सिलीनंच ठेवलंय. रागावू नकोस. नियम हाय तर हाय.

तुझी मात्र सगळी वाक्यं मी दुपारी हे पत्र बाजूला ठेवून शाईनं पुन्हा लिहिली. तू डोळ्यांनी बघितलेलं ते सगळं. शिवाआजोबांना विडी लागायची, तेसुद्धा.

तुला मी कधी धन्यवाद म्हटले नाहीत. आपल्यात तशी रीत नाही, आणि कमलच्या तोंडून ते कसं वाटलं असतं! आता म्हणते. मला खांद्यावर घेतलंस, तात्याला उलट उत्तर दिलंस, सगळ्या वाटेनं शाईचा हात वर धरून आलास. सहाणेवरच्या त्या दिवशीचा माझा राग अजून पुरता गेला नाही, पण पिशवी तू उचललीस, हे मी विसरलेली नाही.

एक शब्द देते. दरवर्षी म्हाळाला मी येईन, कुठेही असले तरी. तुझं पान आणि ते दाराशी ठेवायचं पान, दोन्ही मी माझ्या हातानं मांडीन. पुढे माझ्या मुलांनी विचारलं की कुणाचं, तर 'बाबा ठेवायचा म्हणून' एवढ्यावर सोडणार नाही. नावं सांगीन, मुलींचीसुद्धा, एकही न गाळता.

तुला सही वाचता यायची नाही. म्हणून शेजारी माझा अंगठाही उमटवला आहे. त्यावर वण नाही, पण आकार तुझाच आहे, आई म्हणते. बघ ओळखता येतो का.

तुझी मुलगी,
शालिनी गणपत